रिव्हॅम्पमधला व्हॅम्प बुटाचा आहे, व्हॅम्पायरचा नाही

आरी-रापी

एका सोसायटीच्या सूचनाफलकाचा फोटो कालपासून फिरतो आहे. फलकावर ‘लॉबी रिव्हॅम्पचे काम सुरू आहे’ असे लिहिलेले आणि खाली पोस्ट करणाऱ्याने शब्दार्थ जोडलेला. तो असा: व्हॅम्प म्हणजे सिनेमातली नखरेल खलनायिका, हा शब्द व्हॅम्पायरवरून आला, म्हणून रिव्हॅम्प म्हणजे जुन्या वस्तूला नट्टापट्टा करून पुन्हा भुरळ पाडायला उभे करणे. थोडक्यात रंगरंगोटी. हे मुळापासून चूक आहे आणि लोक ते खरे समजून पुढे ढकलत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजीत दोन व्हॅम्प आहेत आणि त्यांचे एकमेकांशी नाते नाही. नटीचा व्हॅम्प म्हणजे व्हॅम्पायरचे आखूड रूप. व्हॅम्पायर इंग्रजीत आला १७३०च्या दशकात, पूर्व युरोपातल्या कहाण्यांबरोबर. नटीला व्हॅम्प म्हणायला लागले त्याला अजून सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. थेडा बारा या नटीच्या १९१५च्या मूकपटाने तो शब्द सगळीकडे नेला. दुरुस्तीचा व्हॅम्प त्याच्या कितीतरी शतके आधीचा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘आव्हाँ’ म्हणजे पुढे आणि ‘पिए’ म्हणजे पाय. दोन्ही मिळून ‘आव्हाँपिए’, पुढपाय. सुरुवातीचा ‘आ’ झिजला, शेवटचा ‘पिए’ नुसत्या ‘प’वर आला आणि उरला व्हॅम्प. त्यातला ‘पिए’ आपल्या ‘पाद’च्याच कुळातला.

आधी हा शब्द मोज्याचा होता. मध्ययुगातले लांब मोजे लोकरीच्या कापडातून बेतून शिवायचे आणि पावलाचा तुकडा वेगळा जोडायचे. पाऊल आधी फाटणार, पोटरीवरचे कापड धडधाकट राहणार. मग पावलापुरते उसवून नवे लावायचे. १६व्या शतकाच्या शेवटी याच कामाचे क्रियापद झाले आणि १७व्या शतकात शब्द बुटाच्या कातड्यावर स्थिरावला. कॅनडात न्यूफाउंडलंडला जाड, आखूड लोकरी मोज्यांना अजून व्हॅम्प्स म्हणतात.

बुटाचा व्हॅम्प म्हणजे बोटांवरून पावलाच्या चढापर्यंतचे पुढचे कातडे. चालताना घडी तिथेच पडते, ठोकर तिथेच बसते, चिखल तिथेच साचतो. गुडघ्यापर्यंतच्या बुटात सगळ्यात जास्त कातडे लागते ते वरच्या नळीला, आणि नळीला काहीच होत नाही. ती टाकून देणे कोणालाच परवडत नव्हते. म्हणून नळी ठेवायची आणि पुढा बदलायचा. हे रिव्हॅम्प. ‘री’ लागलेला शब्द १९व्या शतकाच्या सुरुवातीचा.

आता मुद्दा. तळ सोडवल्याशिवाय व्हॅम्प बदलता येत नाही. बूट उघडावाच लागतो. म्हणजे हा शब्द रंगरंगोटीच्या बरोबर उलट टोकाचा आहे: चांगले ते राखा, झिजले ते मुळापासून काढा. लॉबीला दोन हात रंग मारून रिव्हॅम्प म्हणणे म्हणजे बुटाला पॉलिश करून पुढा बदलला म्हणून पैसे घेणे.

अर्थवाही

व्युत्पत्ती मान्य. निष्कर्ष साफ अमान्य.

शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणे; मराठीत वर्गात शिक्षा झाली म्हटले की कोणाला काय शिकवले असे आपण विचारत नाही. राजीनामा मुळात राजीखुशीचा लेख, संमतिपत्र. आज राजीखुशीने न दिलेल्यालाही राजीनामाच म्हणतात. इंग्रजी बोलणारा माणूस संकेतस्थळ रिव्हॅम्प केले म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बूट नसतो.

आणि मूळच धरायचे तर अर्धे का धरता? ‘व्हॅम्प अप’ हा प्रयोग जुना आहे आणि तो तुम्हाला सोयीचा नाही. जुन्या मालाची जोडाजोड करून नवा म्हणून पुढे करणे, असा त्याचा अर्थ १८व्या शतकात सर्रास होता. न खपलेल्या पुस्तकाला नवे शीर्षकपान लावून विकणाऱ्या ग्रंथविक्रेत्यांवर हाच शब्द फेकला जायचा. संगीतातला व्हॅम्पही तिथलाच: गायक तयार होईपर्यंत साथीदाराने दोन-चार स्वरांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून जागा भरायची. म्हणजे ठिगळ. तुमच्या शब्दाच्या पोटात वरवरच्या कामाचा अर्थ पहिल्यापासून आहे. पोस्टवाल्याचे कारण चुकले, पण अर्थाला तो फारसा चुकलेला नाही.

भाषांतरी

अर्थवाहींना पुस्ती. लंडनमध्ये जुन्या बुटांचा एक स्वतंत्र धंदाच होता आणि तो करणाऱ्यांना म्हणायचे ट्रान्सलेटर. होय, भाषांतरकार. १७८५च्या एका रस्तेबोलीच्या कोशात ही नोंद आहे: दुरुस्त केलेले जुने जोडे विकणारे, जोडे बनवणारा आणि जोडे दुरुस्त करणारा यांच्या मधले. टाकलेले बूट गोळा करायचे, दोन-तीन जोड्यांतले धड भाग काढायचे आणि त्यांचा एक ‘नवा’ बूट करायचा.

कातड्याच्या भेगा बुजवायला एक काळा लगदा वापरायचे, त्याचे नाव क्लॉबर. भेगेत दाबून भरायचा, वाळला की घासायचा, वरून काळे पॉलिश. दुकानात बूट अगदी अखंड दिसे. पहिल्या पावसात लगदा सुटून भेग उघडी पडे, कारण तो कातड्याला धरत नाही. घडी पडली की तडकतो. आरी-रापी, तुमच्या रिव्हॅम्पचे भाऊबंद हे आहेत. शब्दाची सोज्वळ बाजू तेवढी सांगू नका.

आणि भाषांतराचे पैसे पानावर मोजणाऱ्या प्रकाशकांनी हा जुना अर्थ जरूर वाचावा. दोन भाषांतले धड भाग जुळवून एक अखंड वस्तू करण्याला वेळ लागतो. लगदा भरलेले भाषांतर हवे असेल तर ते स्वस्तात मिळते आणि पहिल्याच वाचनात तडकते.

आरी-रापी

‘व्हॅम्प अप’चे मान्य. ते मी लिहायला हवे होते.

पण क्लॉबर आणि व्हॅम्प यांची सरमिसळ करू नका. क्लॉबर म्हणजे भेग लपवणे, व्हॅम्प म्हणजे भेगाळलेले कातडे काढून टाकणे. एकाच गल्लीत दोन्ही कामे होत होती म्हणून ती एक होत नाहीत. उलट लंडनच्या कारागिरांनी यावरून शतकानुशतके भांडणे केली. नवे जोडे करणारे कॉर्डवेनर. हे नाव स्पेनमधल्या कोर्दोबाच्या कातड्यावरून पडले आणि त्यांची लंडनमधली नियमावली १२७२ची आहे. जुने दुरुस्त करणारे कॉब्लर. एकाने नव्या जोड्यात जुने कातडे घालायचे नाही, दुसऱ्याने नवे जोडे करायचे नाहीत. गिऱ्हाइकाला जुने कुठे आणि नवे कुठे हे कळले पाहिजे, हे त्या भांडणाचे मूळ. लॉबीच्या फलकावर माझा आक्षेप तोच आहे.

डबल-टाका

बुटावर एवढे चालले आहे तर काम नीट सांगतो. ‘पुढा बदलायचा’ हे दोन शब्दांत उरकण्यासारखे नाही, आणि आज ते जवळजवळ कोणी करत नाही त्यालाही कारण आहे.

आधी बूट वेल्टवाला हवा, म्हणजे अप्पर (बुटाचे वरचे कातडे) आणि इनसोल (आतला तळ) यांना एक कातडी पट्टी शिवलेली आणि त्या पट्टीला बाहेरचा तळ शिवलेला. टाचेचे थर खिळ्यांसकट उचकटायचे. तळाची शिवण कापून तळ काढायचा, आतला बुचाचा भराव खरवडायचा, मग वेल्टची शिवण सोडवायची. आता अप्पर मोकळे झाले. व्हॅम्प मागच्या दोन भागांना, क्वार्टरना, बहुतेक वेळा दुहेरी शिवणीने जोडलेला असतो. ती एकेक टाका कापून उसवायची. ओढून उसवली की क्वार्टरची भोके फाटतात आणि तिथेच काम संपते.

निघालेला व्हॅम्प ओला करून सपाट करायचा आणि त्यावरून साचा कापायचा. खाली वळवून ताणायला चहूबाजूंनी पंधरा-वीस मिलिमीटर जास्त कातडे ठेवायचे. रोजच्या चामडी बुटाला १.२ ते १.४ मिलिमीटर जाडी पुरते, कामाच्या बुटाला २च्या आसपास. कातडे पाठीचे घ्यायचे, पोटाचे नाही, आणि कमी ताणली जाणारी दिशा टाचेकडून बोटांकडे ठेवायची. आडवे बेतले तर महिन्याभरात बूट लांबतो. कडा रापीने, म्हणजे कातडे छिलायच्या पात्याने, छिलून निम्म्या जाडीवर आणायच्या, नाहीतर जोडावर उंचवटा येतो आणि तो पावलाला घासतो.

सगळ्यात नाजूक जागा शिवणीची. क्वार्टरवर जुन्या टाक्यांची भोके असतात आणि नवी शिवण त्याच भोकांतून गेली पाहिजे. यंत्राची सुई मध्येच नवी भोके पाडत गेली की कातडे पोस्टाच्या तिकिटासारखे होते: भोकाशेजारी भोक, आणि पहिल्याच ताणाला त्या रेषेत फाटते. म्हणून हे टाके हाताने, आरीने जुने भोक शोधत घालायचे.

मग फर्मा, म्हणजे ज्यावर बूट ओढून बसवतात तो पावलाच्या आकाराचा ठोकळा. ज्या फर्म्यावर बूट बनला तोच हवा, निदान तंतोतंत त्याच मापाचा. क्वार्टर वर्षानुवर्षे ताणून बसलेला असतो आणि नवा व्हॅम्प अजून ताणायचा असतो. चुकीच्या फर्म्यावर ओढले की जोड तिरका येतो. ओलसर कातडे ओढून, खिळून निदान एक दिवस फर्म्यावर ठेवायचे, मग वेल्ट, बूच, नवा तळ, टाच.

एवढ्या मजुरीत दुसरा बूट येतो. आणि आज बाजारातला बहुतेक बूट चिकटवलेला असतो. त्याचा तळ काढला की अप्परच्या कडेचे कातडे तळाबरोबर सोलून येते. तेव्हा आरी-रापी, तुमचा ‘खरा’ अर्थ ज्या कामावर उभा आहे ते कामच संपत आले आहे.

आरी-रापी

काम संपले म्हणून शब्द खोटा ठरत नाही. पाट्यावर वाटणे घराघरातून गेले, तरी ‘वाटणघाटण’ म्हटलेले सगळ्यांना कळते. बाकी तुमच्या वर्णनाने माझाच मुद्दा पक्का होतो: टाच, तळ, वेल्ट, शिवण, एवढे उघडल्याशिवाय हे काम होत नाही.

डबल-टाका

पक्का होत नाही. पुढा का भेगाळला ते कोणी विचारत नाही आणि नवा लावला की तोही दोन वर्षांत भेगाळतो. घामाचे मीठ आत राहते, बूट उन्हात किंवा हीटरपुढे वाळवला की तेल उडते, घडीत धूळ बसून कानसीसारखे काम करते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने घडी पुसणे, सावलीत वाळवणे, महिन्याला थोडे तेल. हे केले असते तर रिव्हॅम्पची वेळच आली नसती. तुम्ही सगळे दुरुस्तीच्या शब्दांवर भांडता. निगा या साध्या शब्दाला कोणी विचारत नाही.

मूठ-म्यान

रिव्हॅम्पवर एवढी शाई खर्च झाली आणि जो शब्द रोज लोकांचे पैसे घालवतो त्यावर कोणी बोलत नाही. रिफर्बिश्ड.

फर्बिश म्हणजे घासूनपुसून चकाकी आणणे. फ्रेंचमधून आला, मूळ जर्मन कुळातले. मध्ययुगात फर्बिशर हा धंदा होता: तलवारी आणि चिलखते साफ करणारा. कड्यांचे चिलखत वाळू आणि व्हिनेगरबरोबर पिंपात घालून गडगडवायचे, गंज आपोआप घासला जायचा. आपल्याकडे हाच माणूस म्हणजे शिकलगार. सैकल म्हणजे घोटून आणलेली चकाकी, ती आणणारा सैकलगर, त्याचा शिकलगार. सांगली-साताऱ्याकडे आडनाव म्हणून तो शब्द अजून आहे.

तेव्हा रिफर्बिश्ड फोन म्हणून जे विकले जाते त्यात शब्दाप्रमाणे फक्त चकाकीची हमी आहे, आणि बऱ्याच वेळा तेवढीच मिळते. ए, बी, सी हे दर्जे बहुतेक ठिकाणी बाहेरच्या ओरखड्यांवरून ठरतात. आत काय बघायचे ते सांगतो. बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर ती बदललेली हवी. पडदा बदलला असेल तर मूळ प्रतीचा आहे का ते विचारायचे. आणि पाठ एकदा गरम करून उघडली की कडेचा डिंक-पट्टा तुटतो. तो नवा लावून दाबाची चाचणी केली नसेल तर फोनची पाणी न शिरण्याची खात्री गेली, खोक्यावर काहीही छापलेले असो. व्यवहारात सगळ्यात खोटा पडणारा शब्द हा आहे. बुटाचा नव्हे.

अर्थवाही

मूठ-म्यान, तुमच्या आणि आरी-रापींच्या बोलण्यात एकच गृहीत आहे आणि ते मला मान्य नाही. वरवरचे काम म्हणजे खोटे काम, असे तुम्ही धरून चालला आहात.

कल्हई घ्या. पातेल्याच्या आतल्या अंगाला कथलाचा एक पातळ थर, बस. त्याहून वरवरचे काम कोणते? पण तो थर नसेल तर तांब्या-पितळेत आमटी किंवा ताक ठेवता येत नाही, कळकते. पातेले आधी चिंच-वाळूने घासून लख्ख करायचे, भात्यावर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा उरलासुरला मळ सुटतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळते. कापसाच्या बोळ्याने ते सरसर फिरवायचे आणि पातेले पाण्यात बुडवायचे. तेलकटपणा राहिला असेल तर कथील मण्यांसारखे गोळा होते, पसरत नाही. ताप जास्त झाला तर थर काळवंडतो. कथलात शिसे मिसळलेले असेल तर दिसायला सारखेच दिसते आणि अन्नातून विष पोटात जाते.

हे वरवरचे काम आहे आणि कौशल्याचे आहे. पृष्ठभाग म्हणजे फसवणूक हे समीकरण सोडा.

मूठ-म्यान

कल्हईचे मान्य. पण कल्हईवाला पातेले परत देताना ‘नवे पातेले’ म्हणत नाही, ‘कल्हई केली’ म्हणतो. माझे भांडण त्या नावाशी आहे.

चुनाखडी

अवांतर होईल, पण कल्हईचे उदाहरण निघाले म्हणून राहवत नाही. देवळे, वाडे, किल्ल्यांतल्या इमारती यांच्याबद्दल बातम्यांत नूतनीकरण, जीर्णोद्धार, दुरुस्ती, रिव्हॅम्प हे चारही शब्द एकाच बातमीत एकाच कामाला वापरलेले असतात. कामे वेगवेगळी आहेत. नूतनीकरण म्हणजे नवे करणे. रिनोव्हेशनमधला लॅटिन ‘नोव्हस’ आणि आपला ‘नव’ एकाच मुळाचे. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याला वर काढणे, त्यात नवे करण्याचा हुकूम नाही. शब्द ढिला झाला की निविदा ढिली होते, आणि निविदेत ‘गिलावा काढून नवा करणे’ असे आले की चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढते.

चुन्याचा गिलावा हा भिंतीचा व्हॅम्पच आहे. तो झिजण्यासाठीच असतो. भिंतीतली ओल त्यातून बाहेर निघते, ओलीबरोबर आलेले क्षार त्याच्या पृष्ठभागावर फुलतात, गिलावा भुसभुशीत होतो. पंचवीस-तीस वर्षांनी तेवढाच काढून पुन्हा करायचा. भिंत शाबूत. सिमेंट ओल सोडत नाही. क्षार सिमेंटच्या मागे, दगडाच्या आणि विटेच्या तोंडाशी फुलतात आणि मग गिलावा पडतो तो विटेचे तोंड घेऊनच पडतो. मागे हात लावला तर विटेची पूड हाताला येते.

साइट-इंजिनिअर

पुन्हा चुना. दर चर्चेत हे येते आणि दर वेळी सिमेंट खलनायक. देशावरचा दगड काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. तो ओल फारशी पीत नाही आणि त्याची ताकद कुठल्याही मसाल्याच्या अनेक पट आहे. त्याला सिमेंटने काय होणार? युरोपातल्या चुनखडीच्या दगडाचे नियम उचलून सह्याद्रीवर लावू नका. ठेकेदाराला मुदत असते, चुना मुरवायला कोणी सहा आठवडे देत नाही. शिवाय नुसता चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. पावसात मसाला वाहून गेला की दोष कोणाला? आमच्यावर.

चुनाखडी

मुदत कमी आहे हा इमारतीचा दोष नाही, निविदा लिहिणाऱ्याचा आहे. आणि ‘आमच्यावर’ म्हणताना सिमेंटने ओल कोंडून फुगलेल्या भिंतींचा दोष कोणावर येतो तेही सांगा. त्यावर कोणी सही करत नाही.

बेसॉल्टचा दगड टिकेल. सांध्यांचे काय? आतल्या भरावाचे काय? आपल्या जुन्या भिंती दोन तोंडांच्या असतात, मध्ये दगड-चुन्याचा भराव. बाहेरून सिमेंटने सांधे बंद केले की वरून शिरलेले पाणी भरावात अडकते, चुना विरघळत जातो आणि भिंतीचे पोट फुगते. आणि कोकणात तर बऱ्याच ठिकाणी बांधकाम काळ्या पाषाणाचे नाही, जांभ्याचे आहे. जांभ्याच्या चिऱ्याला आपल्या मानकात किमान ताकद मागितली आहे ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. १:४चा सिमेंट मसाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) सहज त्याच्या दुप्पट जातो. भिंत जराशी हलली की काहीतरी तडकणार, आणि सांधा चिऱ्यापेक्षा कडक असेल तर चिराच तडकणार. सांधा मऊ हवा. सांधा पुन्हा भरता येतो, चिरा नाही.

पाण्याखाली घट्ट होत नाही हे नुसत्या चुन्याबद्दल खरे आहे. म्हणूनच सुरखी घालतात: भाजलेल्या विटेची बारीक पूड. ती चुन्याशी संयोग पावते आणि हवा नसली तरी मसाला धरतो. हे आपल्या गवंड्यांना माहीत होते.

भाषांतरी

या भांडणाला इंग्रजीत दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो शब्दावरूनच झाला. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चेसचे ‘रिस्टोरेशन’ जोरात होते. एखाद्या चर्चला तीन-चार शतकांतली कामे असायची; वास्तुकार त्यातले एक शतक निवडायचा आणि बाकीचे पाडून सगळे त्या शैलीत करायचा. फ्रान्समध्ये वास्तुकार व्हिओले-ल-द्युकने १८६६मध्ये उघड लिहिले की रिस्टोर करणे म्हणजे इमारत अशा पूर्णावस्थेत आणणे जी कदाचित कधीच अस्तित्वात नव्हती. इंग्रज वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने ट्यूक्सबरीचे मठ-चर्च हाती घेतल्यावर कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस भडकला आणि १८७७मध्ये त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे टोपणनाव अँटि-स्क्रेप, खरवडण्याच्या विरोधातली. कारण हे लोक भिंतींचा जुना गिलावा खरवडून दगड उघडा करत आणि त्याला मूळ रूप म्हणत. मॉरिसच्या मंडळींसाठी रिस्टोरेशन हा शब्दच संशयित झाला. त्यांनी दुरुस्ती आणि रोजची निगा यांवर भर दिला. डबल-टाका म्हणतात तेच.

हा स्कॉट मुंबईकरांना परका नाही. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याच्याच आराखड्यावर उभे आहेत. टॉवरचा पाया १८६९मध्ये घातला, १८७८मध्ये काम पुरे झाले आणि त्याच वर्षी तो वारला. मुंबईत तो कधी आलाच नाही.

साइट-इंजिनिअर

मॉरिसने निविदा भरलेली नाही. बरे, जांभ्याचा मुद्दा मान्य करतो. मी बेसॉल्टच धरून बोलत होतो. पण ‘चुना वापरा’ म्हणून मोकळे होऊ नका. साइटवर काय सांगायचे ते लिहा, प्रमाणासकट.

चुनाखडी

लिहिते.

कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. उकळी फुटून अंगावर उडते, डोळ्यांना चष्मा लावायचा. विरला की चाळणीतून गाळून वर पाणी ठेवून निदान चार आठवडे मुरवायचा. घट्ट दह्यासारखा झाला पाहिजे. न विरलेला खडा राहिला तर तो भिंतीत जाऊन फुलतो आणि महिन्यांनी गिलाव्यावर रुपयाएवढा फोड येतो. मसाला एक भाग चुना, तीन भाग चाळलेली धारदार वाळू. वाळूतली पोकळी साधारण तिसरा हिस्सा असते, तेवढी चुन्याने भरायची. पावसाळी बाजूला वाळूतला एक भाग कमी करून सुरखी. चुना मळायची जुनी घाणी मिळाली तर तीत मळा, नाहीतर दगडी चाकाच्या यंत्रात. काँक्रीटच्या मिक्सरमध्ये तो नुसता गोळे होऊन फिरतो आणि गवंडी पाणी वाढवतो. पाणी वाढले की वाळताना भेगा.

सांध्यातले जुने सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचे. ग्राइंडरने नाही, पाते घसरले की चिऱ्याची कड जाते. रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिलिमीटर. सांधा धुऊन ओला करायचा, मसाला दाबून भरायचा, थोडा आवळला की लाकडी पट्टीने ठोकायचा. गिलावा एका थराला १० ते १२ मिलिमीटर, जास्त नाही. ओले गोणपाट आठ-दहा दिवस. काम दसऱ्यानंतर सुरू करायचे आणि एप्रिलच्या उन्हाआधी उरकायचे.

साइट-इंजिनिअर

सांध्यापुरते घेतले. गिलाव्याला दोन थरांच्या मध्ये किती दिवस थांबायचे ते राहिले, आणि मला तेच निविदेत लिहायचे असते.

चुनाखडी

नखाने ओरखडा पडेल पण बोट दाबून खड्डा पडणार नाही, तेव्हा. थंडीत आठवडा धरा. पहिल्या थराला करवतीने चरे पाडून ठेवा, दुसरा धरतो.

अर्थवाही

आरी-रापी, धागा तुमचा होता. एवढे मी सोडतो: शब्द पडताना तो उघडून करायच्या कामाचा होता, आणि गिलावा हा भिंतीचा व्हॅम्प ही उपमा बसते. पण आज तो शब्द लॉबीला लावणारा माणूस चुकत नाही. तो इंग्रजी बोलतो आहे, चर्मकाम करत नाही.

आरी-रापी

तो चुकत नसेल, पण काही सांगतही नाही. फलकावर ‘लॉबीला रंग, दोन हात, आठ दिवस’ असे लिहायला हवे होते. आणि आतली गळकी पाइप बदलणार असतील तर तेही लिहायचे. कारण रंगाच्या मागे ओल असेल तर पुढच्या पावसात पोपडे धरणारच, आणि त्या वेळी सभासद विचारतील की रिव्हॅम्प केले होते ना.

मूळ पोस्टवाल्याला पुढपायाची व्युत्पत्ती पाठवली आहे. व्हॅम्पायरची ओळ त्याने काढली. ‘रंगरंगोटी’ ठेवली आहे.